बंद बाल्कनीतलं हसणं

शुक्रवार, १० नोव्हेंबर १९९५

पडला! पहिल्याच खेळाला पडला. साडेतीनशे माणसं बसली होती आणि अडीच तासांत कोणाचा दात दिसला नाही. मध्यंतरात अप्पलस्वामी मशीनच्या खोलीतून डोकं काढून म्हणतो, "अय्या, पुढचं रीळ उलटं लावू का? तेवढंच हसतील."

चूक माझीच. विजयवाड्याला दहा मिनिटांचे तुकडे दाखवले, मी पोट धरून हसलो आणि 'कैलासवासी कोटय्या' दोन आठवडे ठरवून मोकळा झालो – चालो न चालो. हसण्यासारखं जे होतं ते त्या दहा मिनिटांतच संपलं होतं, हे आज कळलं. इतकी वर्षं या धंद्यात, आणि असा फसलो!

गोष्ट अशी – कर्जात बुडालेले नवरा-बायको. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून नवरा नदीत बुडाल्याचं सोंग. बायको छाती बडवते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, कारण मेलाय कुठे! मग भटजी स्वतःच झुडपामागे जाऊन काव काव करतो. इथे टॉकीज कोसळायला हवं होतं. कोसळलं नाही. पोरं मुळी झोपली होती.

खोटं कशाला बोलू – एक जण हसला. मॅटिनीला, नेमका त्या कावळ्याला. दोन तुकड्यांत हसला, मध्ये श्वास घेतल्यासारखा. पण ते खालून आलं नाही, वरून आलं. वर बाल्कनी. छताची फळी कोसळल्यापासून दोन वर्षं बंद. जिन्याला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

शनिवार, ११ नोव्हेंबर

पुन्हा. मॅटिनीला, त्याच जागी.

अप्पलस्वामी म्हणतो, "स्पीकर जुना झालाय अय्या, कुरकुरतो." स्पीकर कुरकुरतो ते मला कळत नाही होय रे? याच टॉकीजात नऊ वर्षं अंधारात गोळी सोडा विकला मी. कोणाला तहान लागलीय, कोण कोणाबरोबर आलंय, कोण रडतंय आणि खोकल्यासारखं दाखवतंय – सगळं कानांनी. सोडा विकता विकता टॉकीज घेतलं, ते या दोन कानांच्या जोरावर. आता साठीला आलो म्हणून ते मला फसवतील?

स्पीकर नाही तो. माणूस आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर

मॅटिनीला सत्यवेणी आली होती. भूषणमची विधवा.

बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर, डोक्यावरून पदर, मांडीवर जेवणाचा डबा. दसऱ्याच्या दोन दिवस आधी भूषणम बुडाला. अजून दोन महिने नाहीत. त्याच्या कोळंबीच्या तळ्यात रोग शिरला आणि आठ दिवसांत सगळी कोळंबी पांढरी होऊन वर आली. घर, तळं, बायकोचं सोनं – सगळं त्यात होतं. मग एका सकाळी तो पडावातून नदीपलीकडे निघाला आणि मधल्या धारेत गेला. नावाड्यानं पाहिलं. चपला पडावात राहिल्या. अंग सापडलंच नाही.

आमची बायको मंगायम्मा घरी आल्यापासून धुमसतेय. "नवऱ्याला जाऊन महिना-दीड महिना, आणि ही कॉमेडी बघायला येते? तीही नवरा बुडाल्याची?"

म्हटलं, "दुःख विसरायला येत असेल."

"तुमच्या या चित्रानं? अहो, सुखात असलेला माणूस दुःखी होतो ते बघून!"

हसलो. पण एक गोष्ट तिला सांगितली नाही. खेळ सुटला तेव्हा मी दारात होतो. सत्यवेणी सगळ्यांत शेवटी बाहेर आली. डबा हातात नव्हता.

सोमवार, १३ नोव्हेंबर

ते हसणं कोणाचं ते आज ओळखलं. इथे लिहीत नाही.

बुधवार, १५ नोव्हेंबर

लिहितो. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

ते भूषणमचं हसणं आहे. त्याच्या बापाबरोबर मी सोडा विकलाय, तो मला बाबाई म्हणतो, म्हणजे काका. तो पहिल्यांदा हसला तेव्हा मी पाळण्याशी होतो. दोन तुकडे, मध्ये श्वास. बापाचंही तसंच होतं.

आणि त्याच्या दहाव्याला मी घाटावर होतो. अंग नव्हतं म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला होता. आमच्या भटजींनी, सोमयाजुलुगारूंनी, पिंडाचं पान खाली ठेवलं – ठेवलं म्हणजे काय, हात बाजूला व्हायच्या आत कावळे उतरले. एक नाही, पंधरा-वीस. शीत राहिलं नाही. सगळे म्हणाले, भूषणम तृप्त होऊन गेला हो! सत्यवेणी मात्र किंचाळली आणि दातखीळ बसून पडली. दुःखानं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण त्या किंचाळण्यात दुःख नव्हतं. भीती होती. तेव्हा कानांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आज मॅटिनी सुरू झाल्यावर कुलूप काढून वर गेलो. छताच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा येतो, बाकी अंधार. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत तो बसला होता. खालच्या चित्राकडे तोंड. वळला नाही.

"या बाबाई. बसा. आता कावळा येईल," म्हणाला.

खुर्चीखाली डबे. सहा-सात. सगळे भरलेले. चिंचेच्या भाताला बुरशी आलेली, वांग्याची भाजी काळी पडलेली. एकालाही हात नाही लावलेला.

मी जवळच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, "गाढवा. हे काय सोंग?"

"तुमच्या चित्रातलंच की. आम्ही आधी केलं, त्यांनी नंतर काढलं," म्हणाला. आणि मग सांगितलं सगळं. धारेत उडी मारायची, पाण्याखालून पोहत पलीकडे, तिथे सत्यवेणीचा भाऊ कोरडे कपडे घेऊन उभा. काही चुकलंच तर बाल्कनीत भेटायचं. लग्नाआधी दोघं मागच्या लोखंडी शिडीनं चढून इथेच भेटायची म्हणे, माझ्याच बाल्कनीत, माझ्या नाकाखाली! आणि मी म्हणे तिखट कानांचा.

"मग चुकलं काय?"

"ते आठवत नाही बाबाई. धार आठवते. मग ही खुर्ची."

"आणि जेवत का नाहीस?"

माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "भूक लागत नाही. कशी लागेल? माझा पिंड खाल्ला ना त्यांनी. हिनं सांगितलं मला. एक शीत ठेवलं नाही." आणि तेवढ्यात खाली भटजी काव काव करायला लागला आणि हा हसला. दोन तुकड्यांत. शेजारी बसून ऐकवेना.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

काल घाबरलो होतो. आज डोकं ठिकाणावर आहे.

माणूस उपाशी आहे आणि मनात भलतं घेऊन बसलाय. असाच राहिला तर खरोखर मरेल, या खुर्चीतच. त्याला इथून उठवून जेवायला घालायचं – बाकी सगळं नंतर.

सत्यवेणीला ऑफिसात बोलावलं. उभीच राहिली. मी म्हटलं, "अम्मा, वर जाऊन आलो."

तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "पोलिसांत देता का बाबाईगारू?"

"द्यायचं असतं तर सोड्याची बाटली पुढे ठेवली असती का? बस. विम्याचं कुठवर आलंय?"

कुठवरच नाही! अंग नाही तर सात वर्षं थांबा, असं तो विम्याचा माणूस सांगून गेलाय. सात वर्षं! अंग मिळालं तर पंधरा दिवसांत पैसे. चित्रातल्या बाईला दोन गाण्यांच्या मध्ये मिळाले. हिनं अजून एकाही कागदावर सही केलेली नाही. देवानंच वाचवलं.

म्हटलं, "मग झालं तर! कोणाला फसवलंच नाही अजून. वाहून गेला, मासेमारीच्या बोटीनं उचलला, तिकडे ओरिसात तापानं पडून होता, आता परत आला. ती गोष्ट माझ्यावर सोड. त्या कोटय्यापेक्षा बरी लिहीन. देणेकऱ्यांशीही मी बोलतो. पण पैसे गेले म्हणून नंतर रडायचं नाही."

"मला पैसे नकोत. ते जेवले पाहिजेत," म्हणाली. "बाबाईगारू, मी रोज घास पुढे करते. ते तोंड उघडतच नाहीत. म्हणतात, मेलेल्यासाठी अन्न उष्टं कशाला करतेस."

शनिवार, १८ नोव्हेंबर

वर जाऊन तासभर बोललो. खेळ सुटल्यावर गेलो, टॉकीज रिकामं असताना. शिव्या दिल्या, हात जोडले, त्याच्या बापाची शपथ घातली. काही नाही. आता स्वतःबद्दल बोलतानाही, "भूषणम बरा माणूस होता हो बाबाई. जरा घाई करायचा." होता!

आणि एक गोष्ट. रिकाम्या टॉकीजात मोठ्यानं बोललं की आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. माझा येत होता. मी ओरडलो, "ऊठ!" – भिंतीनं "ऊठ" म्हटलं.

तोही मोठ्यानं बोलत होता. त्याचा येत नव्हता.

उपासानं आवाजातला जोर गेला असणार. दुसरं काय!

रविवार, १९ नोव्हेंबर

सोमयाजुलुगारूंकडे गेलो. उघड कसं विचारणार? म्हटलं, "आमच्या चित्रातला तो कोटय्या शेवटी तसाच घरात शिरतो. हे शास्त्रात बसतं का?"

"त्या चित्राचं नाव काढू नका माझ्यापुढे. आमच्या माणसाला काव काव करायला लावलंय."

"तरीपण, समजा."

"समजा काय? ज्याचं दहावं झालं तो दारातून घरात येऊ शकत नाही. त्याला पुन्हा जन्मावं लागतं. तुपानं माखून, न्हाऊ घालून, तान्ह्या पोरासारखं डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळायचं. जिभेवर मध. कानात नाव. अकरा दिवस सोयर – बाहेरच्यानं तोंड बघायचं नाही. मग बारसं. मग मुंज. मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"एवढं चित्रात घातलं असतं तर शंभर दिवस चाललं असतं!"

ते हसले नाहीत. पान लावत म्हणाले, "चिट्टीबाबूगारू, हे करायचं तर पुरं करा. अर्ध्यावर सोडू नका. आणि आधी नीट बघून घ्या."

"काय बघून घ्यायचं?"

"बोलावताय तो यायला निघालाय की जायला."

"कोण?"

"कोटय्या हो," म्हणाले, आणि चुन्याची डबी शोधायला लागले. डबी समोरच होती.

मग सरळ सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. गुरुवारी सकाळी येतो म्हणाले. दक्षिणेचं काही बोलले नाहीत. हे त्यांच्या स्वभावात बसत नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

मंगायम्माला सांगावं लागलं. बाळंतिणीचं सगळं तिच्याशिवाय कोण करणार? मला वाटलं आकाशपाताळ एक करील. पण म्हणाली, "तिच्याबद्दल मी वाट्टेल ते बोलले हो." आणि उठून तूप कढवायला लागली.

बुधवार, २२ नोव्हेंबर

अमावास्या. मॅटिनीला अकरा माणसं. कावळा आला. आज हसला नाही तो.

धावत वर गेलो. बसला होता. "चित्र कंटाळवाणं आहे बाबाई," म्हणाला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

झालं. सगळं नीट पार पडलं.

सकाळचा खेळ चालू असताना त्याला खाली आणला. मंगायम्माची साडी नेसवली, पदर नाकापर्यंत. चित्रात तो कोटय्याही साडी नेसून पळतो, तिथेही कोणी हसत नाही. सत्यवेणी एका बाजूला, मी दुसऱ्या. सायकल रिक्षात बसवलं. मी मागून सायकलवर.

तिच्या परसात उतरल्यावर रिक्षावाल्याला पैसे दिले. तो घाम पुसत नव्हता. म्हणाला, "अय्या, आत दोघी होत्या ना? मला एकीचंच वजन लागलं. चढावावरसुद्धा."

"उपाशी आहे रे बिचारी," म्हटलं आणि त्याला पिटाळला.

दारातून नाही नेलं. परसाच्या बाजूला नारळीच्या झावळ्यांचा आडोसा केला होता. आत मंगायम्मा आणि सोमयाजुलुगारू. मी पाठ करून उभा राहिलो. तुपाचा वास, पाण्याचा आवाज, मंत्र. सोमयाजुलुगारूंचा आवाज दोनदा अडला. चाळीस वर्षं ऐकतोय त्यांना, कधी अडलेला ऐकला नाही. मग मंगायम्मा म्हणाली, "वळा आता."

पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला, चेहरा तेवढा उघडा. सत्यवेणीच्या मांडीवर डोकं. कानात नाव सांगितलं. जिभेवर मध लावला.

गिळला! मी ऐकलं. घशातून उतरल्याचं ऐकलं.

मग दूधभात. एक घास, दोन घास, मग थांबेचना. तपेलीभर भात खाल्ला आणि "आणखी" म्हणाला. सत्यवेणी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मंगायम्मा मला म्हणते, "बघता काय, बाजारातून दूध आणा आणखी!" तशी तिला म्हटलं, "जन्मल्या जन्मल्या एवढं खाणारं पोर मी पाहिलं नाही!" आणि सगळे हसलो. तोही.

आता अकरा दिवस सोयर. आम्ही चौघं सोडून कोणाला, तिच्या भावालाही, पत्ता लागू द्यायचा नाही. बारशाच्या दिवशी गावाला सांगू – बोट, ओरिसा, ताप. गोष्ट तयार आहे.

कोटय्या आज उतरला. पेट्या विजयवाड्याला परत. जा बाबा!

शनिवार, २५ नोव्हेंबर

नवं चित्र जोरात आहे. मारामारी. शिट्ट्यांनी कान किटले, पण बरं वाटलं.

बाल्कनी झाडून घेतली. डबे सत्यवेणीकडे पोचवले. आतून त्याचा आवाज आला, "बाबाई, मासे आणा की!" सोयरात मासे? पण मागतोय म्हणजे जगतोय. सत्यवेणी दाराशी आली. चेहऱ्यावर रक्त चढलंय. म्हणाली, "दिवसातून पाच वेळा जेवतात. झोपत नाहीत मात्र. बसून असतात, परसाकडे तोंड करून."

म्हटलं, "तान्ही पोरं दिवसरात्रीचा गोंधळ करतातच."

"हो ना," म्हणाली. काही सांगायचं होतं तिला.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

सोमयाजुलुगारू मुलीकडे राजमहेंद्रीला गेले. बारशापर्यंत थांबणार होते. निरोप ठेवला नाही.

मंगायम्माला विचारलं, "आडोशात त्या दिवशी काय झालं? त्यांचा आवाज का अडला?"

"मला काय माहीत? मी तूप लावत होते," म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. रोज संध्याकाळी दाराशी कणीक-हळदीचे दिवे लावते. विचारलं तर म्हणते, कार्तिकातले राहिलेले.

कार्तिक संपला की!

गुरुवार, ३० नोव्हेंबर

समुद्राच्या तोंडाशी तिवरांच्या झाडीत अंग सापडलं. फौजदारानं सत्यवेणीला ओळख पटवायला बोलावलं, मी बरोबर गेलो. विम्याचा माणूस कागद आणि पेन घेऊन आधीच उभा होता. "एक सही अम्मा, पंधरा दिवसांत सगळं मोकळं," म्हणाला.

वरचं ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाय निळ्या गाळात रुतून राहिले होते, म्हणून तेवढे जसेच्या तसे. डाव्या पायाला सहा बोटं. भूषणम रांगायचा तेव्हापासून मी ती पाहिली आहेत. सहावं जरा बाहेरच्या बाजूला वळलेलं.

ती वाकली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग फौजदाराला म्हणाली, "नाही. हा माझा नवरा नव्हे."

आवाज हलला नाही. हलला असता तर मला कळलं असतं.

परत येताना तिनं बाजारात थांबून मासे घेतले. चांगले निवडून घेतले, घासाघीस करून. मग मला म्हणाली, "बाबाईगारू, आज जेवायला या. ते सारखी तुमची आठवण काढतात."

जाईन. पोरगी एकटी आहे. त्याच्या पायांकडे मात्र बघायचं नाही.